कनामो : निम्मी वाट चाकांची, उरलेली पायांची

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात, किब्बर या गावाच्या माथ्यावर उभे असलेले कनामो हे सुमारे ५,९७० मीटर उंचीचे शिखर गिर्यारोहणाच्या कसोटीने अवघड मानले जात नाही. भर उन्हाळ्यात त्याच्या नेहमीच्या वाटेवर दोर लावावा लागत नाही, हिमनदी ओलांडावी लागत नाही आणि पावसाळ्यात सह्याद्रीचे निसरडे कडे चढलेल्या माणसाला एकही पाऊल तंत्राच्या दृष्टीने अपरिचित वाटणार नाही. शिवाय शिखराचा पायथा मानले जाणारे किब्बर हे गाव सुमारे ४,२७० मीटरवर असून तेथपर्यंत मोटारसायकल जाते. या दोन गोष्टींमुळे कनामोची मोहीम कागदावर फार सोपी दिसते, आणि तिच्या नियोजनातली खरी अडचणही याच सोपेपणात दडलेली आहे. मोटारसायकल माणसाला ज्या वेगाने उंचीवर नेऊन सोडते, त्या वेगाने त्याचे रक्त, फुप्फुसे आणि मेंदू त्या उंचीला सरावत नाहीत, म्हणून अशा मोहिमेचे वेळापत्रक आखणे म्हणजे मुख्यतः वाहनाच्या वेगाला वेसण घालणे होय, आणि ते शिखराच्या दिवसापासून मागे मोजत आखावे लागते.

स्पितीच्या खोऱ्यात शिरण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला मनालीहून जातो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या, सुमारे ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट आता टाळता येतो, बोगद्यापलीकडे कोकसर आणि ग्राम्फूवरून छत्रू, बातल असे करत वाट ४,५५० मीटरच्या आसपास असलेल्या कुंझुम ला या खिंडीवर चढते आणि पलीकडे लोसरमार्गे काझा या तालुक्याच्या ठिकाणी उतरते. ('ला' म्हणजे तिबेटी बोलींत खिंड, त्यामुळे 'कुंझुम ला खिंड' ही द्विरुक्ती होते, पण ती आता रूढ झाली आहे.) दुसरा रस्ता सिमल्याहून नारकंडा, रामपूर आणि किन्नौर जिल्ह्यातून सतलजच्या काठाने खाबपर्यंत जातो, तेथे स्पिती नदी सतलजला मिळते, आणि पुढे नाको, ताबो या गावांवरून तो काझ्याला पोहोचतो. मनालीचा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरचा, सिमल्याचा त्याच्या दुपटीहून अधिक. हौशी चालकांचा ओढा पहिल्याकडे असतो, कारण ग्राम्फू ते लोसर या पट्ट्यात डांबर जेमतेम दिसते, सारा मार्ग गोटे, वाळू आणि आडव्या वाहणाऱ्या ओढ्यांचा आहे आणि ज्याला 'ऑफ-रोड' म्हणतात, म्हणजे बांधलेल्या पृष्ठभागाबाहेरचे वाहन चालवणे, त्याची भूक येथे पुरेपूर भागते. तरीही शिखर हे उद्दिष्ट असेल तर जाताना सिमल्याचा आणि परतताना मनालीचा रस्ता धरावा, हेच योग्य. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. तेथून सकाळी निघालेला चालक संध्याकाळी काझ्यात, म्हणजे साधारण ३,६५० मीटरवर, मुक्काम करतो आणि मधल्या काळात साडेचार हजार मीटरची खिंडही ओलांडून आलेला असतो. त्या रात्री ज्याचे डोके ठणकत नाही त्याला नशीबवान म्हणावे.

उंचीशी शरीर जुळवून घेते त्या प्रक्रियेला अनुकूलन म्हणतात. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही जवळजवळ तेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. घटतो तो हवेचा दाब. किब्बरमध्ये हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के आणि कनामोच्या माथ्यावर निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसात जाणारा प्राणवायूही तेवढाच कमी होतो. शरीर यावर पहिला उपाय करते तो श्वासाची गती वाढवण्याचा. पण जास्त श्वासाबरोबर कर्बवायूही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि श्वसनाला आतूनच लगाम बसतो. मूत्रपिंडे जादा क्षार बाहेर टाकून हा लगाम सैल करतात, पण त्या कामाला काही दिवस लागतात. गिर्यारोहणातला रूढ दंडक असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून फारशी वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच जागी वाढवावा. दिवसा कितीही वर जाऊन यावे, हिशेब धरायचा तो उशीच्या उंचीचा.

हा दंडक रस्त्यावर मांडला की वेळापत्रक आपोआप तयार होते. चंडीगडहून पहिला मुक्काम नारकंड्याला, सुमारे २,७०० मीटरवर. दुसरा कल्प्याला, २,९६० मीटरच्या आसपास. तिसऱ्या दिवशी नाकोला चहापुरते थांबून खाली ताबोला, सुमारे ३,२८० मीटरवर, कारण नाको त्याहून जवळपास चारशे मीटर उंच आहे आणि तेथे झोपणे ही घाई ठरते. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला असून मातीच्या त्याच्या मंदिरांतील भित्तिचित्रे पाहण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया जात नाही. चौथा मुक्काम काझ्यात, आणि पाचवाही तेथेच. पाचव्या दिवशी मोटारसायकल घेऊन लांगझा, हिक्किम आणि कोमिक या साडेचार हजार मीटरच्या आसपासच्या गावांना जाऊन यावे, उंचीवर चार-पाच तास घालवावेत आणि झोपायला खाली परतावे. लांगझाच्या उतारांवर अॅमोनाइट या लुप्त समुद्री प्राण्यांचे जीवाश्म सापडतात, म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वी येथे असलेल्या टेथिस समुद्राचा तळ आज पायाखाली असतो. हे जीवाश्म पाहावेत आणि जागच्या जागी ठेवावेत, विकत तर घेऊच नयेत. सहाव्या दिवशी किब्बर, सातवा दिवस तेथेच चालण्यासाठी, आठव्या दिवशी तळाची छावणी, नववा शिखराचा आणि दहावा राखीव. चंडीगड ते चंडीगड हा हिशेब दोन आठवड्यांच्या घरात जातो. ज्यांच्या रजेत इतके दिवस बसत नाहीत त्यांनी शिखर सोडावे, मधले मुक्काम कापू नयेत.

हंगाम मात्र थोडा आहे. कुंझुम ला साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बर्फाने बंद होते. कनामोचा उतार जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बहुतांशी कोरडा असतो. स्पिती पर्जन्यछायेत असल्याने तेथे पाऊस कमी. पण तेथे नेणारे दोन्ही रस्ते पावसाच्या पट्ट्यातूनच जातात, किन्नौरमध्ये दरडी कोसळतात आणि अवेळी पाऊस झाला तर खोऱ्याची दोन्ही दारे एकदम बंद होतात. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात झालेल्या अतिवृष्टीत चंद्रताल सरोवरापाशी दोनशेहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले होते. या हिशेबाने ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पूर्वार्ध हा काळ सर्वांत भरवशाचा.

वाहनाची निवड हा चर्चेचा सर्वांत आवडता विषय असला तरी तो सर्वांत महत्त्वाचा नव्हे. रॉयल एनफील्डची हिमालयन किंवा हीरोची एक्सपल्स यांसारख्या दुहेरी उपयोगाच्या मोटारसायकली या मार्गाला पुरतात. त्यांचे पुढचे चाक २१ इंचांचे असते, आणि मोठे चाक गोट्यावर आपटण्याऐवजी त्यावरून चढून जाते. जमिनीपासून इंजिनच्या तळापर्यंतचे अंतर सुमारे २२० मिलिमीटर असल्याने दगड तळाला घासण्याचा धोका कमी होतो. अधिक लक्ष द्यायचे ते विरळ हवेकडे. माणसाप्रमाणेच इंजिनालाही प्राणवायू लागतो, आणि किब्बरच्या उंचीवर इंजिनाची शक्ती साधारण ४० टक्क्यांपर्यंत घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल सोडणारे छिद्र, ज्याला जेट म्हणतात, ठरावीक मापाचे असते. हवा कमी झाली तरी पेट्रोल तेवढेच येत राहते, मिश्रण दाट होते, प्लग काजळतो आणि गाडी चढावर गुदमरते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतरच्या गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण, म्हणजे 'फ्युएल इंजेक्शन', असते; त्यातील संवेदक हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करतो, त्यामुळे गाडी गुदमरत नाही, पण घटलेली शक्ती कोणताही संवेदक परत आणून देत नाही. म्हणून दोघांनी एका गाडीवर बसून सामानासह किब्बर गाठण्याचा बेत असेल तर तो बदललेला बरा.

पेट्रोलचा हिशेब सरळ आहे. किन्नौरमध्ये रेकाँग पिओच्या पायथ्याशी पोवारीला टाकी भरली की काझा सुमारे दोनशे किलोमीटरवर राहतो आणि काझ्यात पंप आहे; पंधरा लिटरची टाकी, लिटरला तीस किलोमीटर धरले, तरी साडेचारशे किलोमीटर पुरते. जादा पाच लिटर बाळगायचे ते काझ्याचा पंप कोरडा असण्याच्या शक्यतेपोटी, तेही धातूच्या डब्यात, पाण्याच्या बाटलीत नव्हे. उंचीवर बाहेरचा दाब घटल्याने डब्यातील वाफ फुगलेली असते, म्हणून झाकण सावकाश सैल करावे आणि जवळपास विस्तव नसल्याची खात्री करावी. तारांच्या आऱ्यांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, त्यामुळे जादा ट्यूब, टायर काढण्याचे पाने आणि हातपंप बरोबर हवेत, आणि ते वापरण्याचा सराव घराच्या अंगणात किमान दोनदा झालेला हवा.

परतीच्या वाटेवरचा खरा कस ओढ्यांवर लागतो. स्थानिक लोक ज्यांना नाला म्हणतात ते हे प्रवाह बर्फ वितळण्यावर पोसलेले असतात. पहाटे घोट्याएवढे असलेले पाणी ऊन चढल्यावर दुपारी मांडीला लागते. छत्रू-बातलचा पट्टा ओलांडायचा तर काझा अंधारातच सोडावे किंवा आदल्या रात्री लोसरला येऊन राहावे, याचे कारण हेच. नाल्याशी आल्यावर आधी गाडी उभी करून पाणी पाहावे. गढूळ पाण्यात तळ दिसत नसेल तर बूट ओले होण्याची पर्वा न करता एकाने चालत जाऊन वाट शोधावी; जेथे पाणी पसरट होऊन खळाळते तेथे ते उथळ असते आणि जेथे ते गुळगुळीत व शांत दिसते तेथे डोह असतो. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच किंचित दाबून, इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवत, पायदानांवर अर्धवट उभे राहून आणि नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवून गाडी न्यावी. बर्फाळ पाणी बुटात शिरते तेव्हा पाय आपोआप खाली टेकायला धावतात आणि हात थ्रॉटल सोडतो, आणि बहुतेक गाड्या त्याच क्षणी आडव्या होतात. गाडी पाण्यात पडून बंद पडली तर बटण दाबून ती चालू करण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. गाडी ढकलत काठावर आणावी, प्लग काढावा, इंजिन फिरवून पाणी बाहेर टाकावे, एअर फिल्टर वाळवावा आणि मगच पुढचा विचार करावा.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांपुढे गाडी तेथवर कशी न्यायची हा वेगळा प्रश्न असतो. मुंबई-पुण्याहून चंडीगड सोळाशे ते सतराशे किलोमीटर आहे, आणि तीन-चार दिवस महामार्गावर गाडी हाकून दमलेले शरीर उंचीवर नेणे शहाणपणाचे नाही. रेल्वेने गाडी पार्सल म्हणून पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते आणि नोंदणीपत्राची प्रत द्यावी लागते. मोटारसायकल आपल्याच रेल्वेगाडीने पोहोचेल असे मात्र गृहीत धरू नये. चंडीगड किंवा मनालीला भाड्याने गाडी घेण्याचा पर्याय अनेकांना सोयीचा पडतो; तसे केल्यास ब्रेक, साखळी आणि टायर यांची पाहणी पैसे देण्यापूर्वी करावी.

सामान बांधताना मोटारसायकल आणि डोंगर यांच्या गरजा एकमेकींना छेद देतात. स्वारीचे बूट घोटा घट्ट धरतात आणि म्हणूनच चालायला निरुपयोगी असतात. स्वारीचे जाकीट जड असते, तर शिखरावर हवे असते ते थरांचे हलके कपडे. दोन्ही संच न्यावेच लागतात. यावर तोडगा असा, की स्वारीचा सारा पसारा किब्बरच्या घरगुती मुक्कामात ठेवून पाठीवर फक्त डोंगराचे सामान घ्यायचे. गाडीवर जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे चालकाच्या जवळ बांधाव्यात. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेले ओझे खडकाळ चढावर पुढचे चाक हलके करते.

किब्बरचा शेवटचा चढ काझ्यापासून वीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पांढुरक्या माती-दगडांची, सपाट धाब्याची घरे, त्यांवर रचलेला सरपण आणि शेणगोवऱ्यांचा साठा, आणि खाली जव व हिरव्या वाटाण्याची शेते, असे हे गाव पूर्वी परांग ला ओलांडून लडाखच्या रुपशू भागाशी होणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर होते. शेजारच्या चिचम गावाकडे जाताना दोहोंमध्ये एक अत्यंत खोल घळ आडवी येते. २०१७ मध्ये तिच्यावर पूल होईपर्यंत लोक तारेवरच्या पाळण्यात बसून ती ओलांडत. किब्बरच्या वरचा सारा प्रदेश १९९२ मध्ये घोषित झालेल्या किब्बर वन्यजीव अभयारण्यात येतो, जेथे हिमबिबट्या, आयबेक्स आणि भरल हे प्राणी राहतात. त्यामुळे वनखात्याच्या परवानगीची चौकशी काझ्यातच उरकावी. गावाच्या वर मेंढ्या-याकांच्या कुरणांतून काही अंतर गाडी जाऊ शकते आणि काही जण ती नेतातही. ते टाळावे. या कोरड्या उंचीवर गवताचा गड्डा वाढायला वर्षानुवर्षे लागतात, चाकाने उमटलेला चर पुढच्या पाण्याची वाट बनतो, आणि गाडीने वाचवलेले ते दोन-तीन किलोमीटर हेच तर अनुकूलनाचे चालणे असते.

तळाची छावणी साधारण ४,७०० मीटरवर पडते आणि तेथून शिखराच्या दिवशी सुमारे १,२५० मीटर चढायचे असते. बारी गावातून कळसूबाई चढणारा माणूस सुमारे ९०० मीटर चढतो, म्हणजे पायांच्या दृष्टीने कनामो तिच्या दीडपटीहून कमीच आहे; फरक आहे तो हवेचा, आणि सह्याद्रीत पाच तासांत होणारे काम येथे आठ-नऊ तास घेते. पहाटे तीनच्या सुमारास निघणे इष्ट, कारण दुपारनंतर माथ्यावर वारा झोडपतो. सुरुवातीचा उतार मुरमाड आणि सोपा असतो; पुढे शिखराच्या सोंडेवर सुटे, पातळ चिपांचे दगड पसरलेले आहेत, ज्याला आपल्याकडचे भटके घसारा म्हणतात. दोन पावले चढावे तर एक पाऊल दगडांसकट खाली येते, प्रत्येक पावलाला खापऱ्या वाजल्यासारखा आवाज होतो, आणि वीस पावलांमागे काठीवर ओणवे होऊन श्वास घ्यावा लागतो. येथे वेग ठरवण्याची एकच खूण पुरेशी आहे : चालताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. माथ्यावरून लांगझावर उभे असलेले ६,३०३ मीटरचे चाऊ चाऊ कांग नीलदा दिसते. याच भागातील शिल्ला या शिखरावर १८६० मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याचा एक खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, खुणेचा खांब घेऊन चढला होता. त्याचे नाव कोणी नोंदवले नाही, शिखराची उंची मात्र सात हजार मीटरहून अधिक म्हणून नोंदवली गेली, आणि कित्येक दशके तो मानवी चढाईचा उच्चांक समजला गेला. पुढे मोजणी सुधारली तेव्हा उंची ६,१०० मीटरच्या आसपास निघाली. खलाशाच्या दमछाकीत त्यामुळे काही उणे येत नाही.

आजारपणाचा विचार बेत आखतानाच व्हायला हवा. डोकेदुखी, मळमळ आणि भूक मरणे ही सौम्य पर्वतव्याधीची लक्षणे. त्या रात्री आणखी वर झोपायचे नाही, एवढा नियम तेथे पुरतो. बसल्या जागी धाप लागणे आणि छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येणे म्हणजे फुप्फुसात पाणी साठत असल्याची खूण; सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणे ही मेंदूला सूज आल्याची. दोन्हींत तातडीने खाली उतरवणे हाच उपाय, आणि नेमके येथे मोटारसायकल निरुपयोगी ठरते. ज्याला तोल सावरता येत नाही तो गाडी चालवू शकत नाही, आणि मागच्या सीटवर बांधून त्याला खडकाळ घाटातून नेणे हे दोघांनाही धोक्यात घालणे आहे. म्हणून एकट्याने ही मोहीम करू नये, किब्बर किंवा काझ्यातील जीपवाल्याशी आधी बोलून ठेवावे, काझ्यापुढे मोबाइलच्या संपर्कावर विसंबू नये आणि रोकड जवळ ठेवावी. अॅसिटाझोलामाइड, बाजारातील डायमॉक्स, हे औषध अनुकूलनाला मदत करते, पण सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

शिखरावरून उतरल्याच्या दिवशी गाडीला हात लावू नये. आठ-नऊ तासांच्या चढउतारानंतर गुडघे थरथरत असतात आणि क्लच दाबणाऱ्या बोटांत पकड उरलेली नसते; राखीव ठेवलेला दहावा दिवस वारा-पावसात खर्ची पडला नसेल तर तो यासाठीच वापरावा. त्या सकाळी किब्बरच्या अंगणात साखळीवरची धूळ पुसून तिला तेल द्यावे, आऱ्या हाताने एकेक दाबून पाहाव्यात, रात्रीच्या थंडीने मरगळलेल्या बॅटरीला गाडी उन्हात ढकलून थोडा वेळ द्यावा आणि लोसरकडून आलेल्या ट्रकवाल्यांना नाल्यांचे पाणी किती, हे विचारून घ्यावे. त्यानंतर कुंझुमवर चढणारा चालक, इतर सर्व वाहनांप्रमाणे, तेथील चोर्तेनांना, म्हणजे बौद्ध स्तूपांना, उजवी घालून गाडीसकट एक प्रदक्षिणा करतो आणि बातलच्या उताराला लागतो.